तुमचा राग नेमका कोणावर आहे?

पत्र:

ताई, विनोदी मालिका आणि स्पर्धेचे रिॲलिटी शो मला मनापासून आवडतात. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी असतो. नवा भाग संपला की आमचा फोन ठरलेला. कोणता विनोद फसला, परीक्षकांनी कोणाला उगाच वाचवलं, सगळं बोलायचो. महिन्याभरापूर्वी एका शोमधून माझी आवडती स्पर्धक बाहेर गेली, तीही तिच्या जिवलग मैत्रिणीच्या मतामुळे. त्या खेळात स्पर्धकच एकमेकांना मतं देऊन बाहेर काढतात. मला रात्रभर झोप आली नाही. त्या मैत्रिणीला मी थेट मेसेज पाठवला, फार वाईट भाषेत. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "ती उत्तम खेळली. तुला खेळच कळत नाही." माझ्या तोंडून गेलं, "तुलाही नाती कामापुरतीच लागतात." त्याने फोन ठेवला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. नवरा म्हणतो, "मालिकेतलं हसू रेकॉर्ड केलेलं, शोमधली भांडणं लिहून दिलेली, आणि त्यावरून तू सख्ख्या भावाशी भांडतेस?" हे सगळं खरंच खोटं असतं का? मग माझ्या मतांना काहीच किंमत नाही का? आणि भावाशी आता बोलू कशी?

उत्तर:

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. जे विचारलं नाहीत तिथूनच सुरुवात करते, कारण ते सगळ्यांत आधी निस्तरायला हवं. तो मेसेज.

तुम्ही ज्या मुलीला लिहिलंत तिला तुम्ही ओळखत नाही. तुम्हाला दिसली ती तिच्या दिवसांतली काही मिनिटं, आणि तीही दुसऱ्या कोणीतरी निवडलेली. अशा शोमध्ये कॅमेरे तासन् तास चालू असतात. त्यातून तासाभराचा भाग काढायचा म्हणजे जवळजवळ सगळं फेकून द्यावं लागतं. काय ठेवायचं हे ठरवताना संकलक गोष्ट रचतो. एकाचं वाक्य, त्यावर दुसरीचा चेहरा, खाली गंभीर संगीत. तो चेहरा त्याच क्षणाचा असेलच असं नाही. मुलाखतीतली दोन वेगवेगळी वाक्यं जोडून एक सलग वाक्य केलं जातं, आणि बोलणाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून वर दुसरं दृश्य लावलं जातं. प्रेक्षकाला हे सहज ओळखू येत नाही.

ब्रिटनच्या 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'मध्ये 2014 साली काय झालं ते सांगते. एका स्पर्धकाचं आईस्क्रीम वितळलं आणि त्याने रागाने सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याचं आईस्क्रीम दुसऱ्या एका स्पर्धक बाईंनी फ्रीझरबाहेर काढून ठेवलेलं भागात दिसलं. बस, त्या बाई खलनायिका ठरल्या. शेकडो तक्रारी गेल्या. शेवटी परीक्षक पॉल हॉलिवूड यांना जाहीरपणे सांगावं लागलं की ते आईस्क्रीम बाहेर होतं 40 सेकंद, आणि त्या 40 सेकंदांनी त्या स्पर्धकाची संधी गेली नाही. पडद्यावर मात्र तो वेळ मोजता येत नव्हता. हा शो तसा फार मायाळू म्हणून ओळखला जातो. तिथे असं होऊ शकतं, तर जिथे भांडणावरच सगळा डोलारा उभा आहे तिथे काय होत असेल?

प्रेक्षकांचा राग झेलणाऱ्या स्पर्धकांना त्याचा खरोखर त्रास होतो, आणि तो गंभीर असू शकतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारणाच्या नियामक संस्थेने 2021 पासून नियमच केला की सहभागामुळे ज्यांना इजा पोहोचण्याचा धोका आहे त्यांची योग्य काळजी वाहिनीने घ्यायची. नियम वाहिनीला बांधतो, तुम्हाला-मला बांधत नाही. आपण आपलं बघायचं.

तर आज त्या मुलीला दोन ओळी लिहा. "मी रागाच्या भरात फार वाईट लिहिलं. मला माफ करा." इथेच थांबा. 'पण तुम्ही तिच्याशी जे केलंत' असं पुढे काही जोडू नका, आपण केवढ्या चाहत्या आहोत तेही सांगू नका. उत्तर येणार नाही असं धरून चाला. नाही आलं तर पुन्हा लिहू नका.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्यामुळेच घोळ होतो.

टीव्हीवरच्या स्पर्धांत लबाडी झालेली आहे, नाही असं नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम होता. त्यात हर्ब स्टेम्पेल नावाचा स्पर्धक जिंकत होता. निर्मात्यांना त्याच्याजागी देखणा, प्राध्यापकी घराण्यातला चार्ल्स व्हॅन डोरेन हवा होता. डिसेंबर 1956 मध्ये स्टेम्पेल सांगितल्याप्रमाणे मुद्दाम चुकला. व्हॅन डोरेन देशाचा लाडका झाला, आणि 1959 साली त्याने संसदेच्या समितीपुढे कबूल केलं की प्रश्न आणि उत्तरं त्याला आधीच दिली जात होती. लोकांना फार मोठा धक्का बसला. पुढच्याच वर्षी, 1960 मध्ये, ज्ञानाच्या, कौशल्याच्या किंवा नशिबाच्या स्पर्धेचा निकाल गुपचूप आधी ठरवणं हा अमेरिकेत गुन्हा ठरला.

कायद्याने निकालाला हात लावायला बंदी केली. गोष्ट कशी सांगायची, कोणाला भला आणि कोणाला बुरा दाखवायचा, हे त्याने मोकळंच सोडलं. आणि निकालाच्या बाबतीतही एक जागा नीट बघा. 'टॉप शेफ'सारख्या अमेरिकन शोच्या अखेरीस भराभर सरकणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की कोण राहिलं आणि कोण गेलं हा निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी सल्लामसलत करून घेतला. लपवलेलं काहीच नाही. पण ती अक्षरं येईपर्यंत आपण उठलेलो असतो.

म्हणून 'सगळं खोटं' हे यजमानांचं म्हणणं मला पटत नाही, आणि 'मी डोळ्यांनी पाहिलं' हे तुमच्या रागामागचं गृहीतही पटत नाही. रडू खरं असतं, थकवा खरा असतो, हरल्याचं दुःख तर फारच खरं असतं. त्यांचा क्रम आणि त्यांची बाजू कोणीतरी ठरवलेली असते. हे एकदा ध्यानात आलं की मत कुठे ठेवायचं ते कळतं. ती मुलगी विश्वासघातकी आहे की नाही, यावर मत द्यायला तुमच्याकडे पुरावा नाही. पण समजा निर्मात्यांनी तिला पाच भाग जवळपास बोलूच दिलं नाही आणि सहाव्यात अचानक तिचा चेहरा दर दोन मिनिटांनी दाखवला, तर यावर मत द्यायला तुमच्याकडे भरपूर पुरावा असेल, कारण ते सगळं तुमच्या पडद्यावर घडलेलं असेल. ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं त्या स्पर्धकाच्या घरच्यांची हकिगत एकाएकी सुरू झाली की तो त्या दिवशी जाणार, हे मुरलेले प्रेक्षक ओळखतात. ते कसब तुमच्यातही आहे. पत्रातून दिसतं. ते वापरा.

माझं स्वतःचं एक ठाम मत सांगते. गाण्याच्या किंवा नाचाच्या स्पर्धेत स्पर्धक मंचावर येण्याआधी त्याच्या घरातलं दारिद्र्य, आजारपण, मृत्यू दाखवून मग त्याला गायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्यावर तर आहेच, पण ज्याच्या घरी काही वाईट घडलेलं नाही त्या स्पर्धकावरही आहे. ज्या शोमध्ये गुण कशाचे ते उघड सांगतात आणि परीक्षक नेमकी चूक दाखवतात, तो मी आनंदाने बघते. 'तू आज आम्हाला रडवलंस' एवढंच म्हणणारे परीक्षक मला स्पर्धकाला लुबाडल्यासारखे वाटतात. असं मत जरूर ठेवा, मोठ्याने बोला. त्याला किंमत आहे. त्याने कोणी माणूस दुखावत नाही, आणि वाहिनीच्या कानावर गेलं तर उपयोगही होतो.

तुमची आवडती स्पर्धक बाहेर गेली याचं दुःख मी लहान मानत नाही. तुम्ही तिला आठवड्यामागून आठवडे पाहिलंत. पण बाहेर जाणं म्हणजे काय मोजलं गेलं ते बघा. तुमच्या शोमध्ये मतं सहस्पर्धकांची होती, म्हणजे मोजले गेले ते त्यांचे आपापले हिशेब. प्रेक्षक मतं देतात तिथेही गुणवत्ता मोजली जातेच असं नाही. 'अमेरिकन आयडॉल'च्या सुरुवातीच्या पर्वांत एक माणूस फोन लागेल तितक्या वेळा मत देऊ शकत होता. म्हणजे किती लोकांना आवडलं यापेक्षा किती जण फोनला चिकटून बसले हेच मोजलं जाई. 2004 मध्ये त्या स्पर्धेत जेनिफर हडसन सातव्या क्रमांकावर बाद झाली. 2007 मध्ये तिच्या हातात सहायक अभिनेत्रीचा ऑस्कर होता. ब्रिटनमध्ये 2009 साली 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या स्पर्धेत गायिका सूझन बॉइल अंतिम फेरीत दुसरी आली, तरी जगाला नाव तिचंच माहीत झालं. तुमच्या आवडत्या स्पर्धकाचं पुढे काय होईल मी सांगू शकत नाही. पण त्या रात्रीच्या मतांनी तिची लायकी ठरली नाही, एवढं नक्की.

आता मालिकेतलं हसू. या विषयावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण यजमानांच्या त्या एका वाक्याने तुमच्या आवडीला नाहक कमीपणा आला आहे.

प्रेक्षकांसमोर विनोदी मालिका चित्रित करायची रीत 1951 मध्ये 'आय लव्ह लूसी' या अमेरिकन मालिकेने रुळवली. तिचा नट आणि निर्माता देसी आर्नाझने तीन फिल्म कॅमेरे एकाच वेळी चालवायची पद्धत घेतली, छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी प्रकाशयोजना त्याला साजेशी बसवली, आणि समोर खरे प्रेक्षक बसवले. नाटकासारखं. नट त्यांच्या हसण्यासाठी थांबत, हसू ओसरायला लागलं की पुढचं वाक्य टाकत. ते हसू अभिनयाच्या लयीचा भाग होतं. मग अडचणी आल्या. एकच प्रसंग दुसऱ्यांदा घेतला की प्रेक्षक आधीइतके हसत नाहीत. तिथे ध्वनिमुद्रक हसू भरू लागले. त्याच दशकात सीबीएस या अमेरिकन वाहिनीचे ध्वनी अभियंता चार्ली डग्लस यांनी एक यंत्र तयार केलं. कळा दाबल्या की खुदखुद, खळखळाट, एखाद्या बाईचं लांबलेलं हसू, हवं ते वाजे. ते यंत्र ते कुलपात ठेवत आणि आतली रचना कोणाला दाखवत नसत.

म्हणजे रेकॉर्ड केलेलं हसू असतं, हे यजमानांचं खरं. पण लेखकांनी त्याविरुद्ध झगडाही केला, हेही त्यांना सांगा. कोरियातल्या युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरची 'मॅश' 1972 मध्ये सुरू झाली. तिच्या निर्मात्यांना हसू अजिबात नको होतं, वाहिनी ऐकेना. शेवटी तडजोड झाली: शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हसू वाजणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने तीच मालिका हसण्याशिवाय दाखवली. आणि 2001 मध्ये आलेल्या ब्रिटिश 'द ऑफिस'ने तर ते काढूनच टाकलं. माहितीपटासारखा कॅमेरा, अवघडलेली शांतता, आणि हसायचं कुठे ते प्रेक्षकाने स्वतः ठरवायचं.

यातली कोणतीच पद्धत अधिक प्रामाणिक आहे असं मला वाटत नाही. मी बघते ते एवढंच: हसू काढून टाकलं तर वाक्य उभं राहतं का? एकदा आवाज बंद करून मालिका बघा, नुसते चेहरे. जिच्यात विनोद माणसाच्या स्वभावातून येतो ती मालिका आवाजाशिवायही कळते. जिच्यात कोणाचं जाडेपण, रंग किंवा तोतरेपण हाच विनोद आहे, तिच्यात आवाज गेल्यावर फक्त क्रूरपणा उरतो. आणि दोन भाग बघून निकाल देऊ नका. 'चीअर्स' 1982 मध्ये आली तेव्हा प्रेक्षकसंख्येच्या यादीत तळाशी होती. पुढे ती 11 पर्वं चालली. अमेरिकन 'ऑफिस'चं 2005 मधलं पहिलं पर्व अवघ्या सहा भागांचं होतं आणि साहेबाचं पात्र त्यात फार कठोर होतं. दुसऱ्या पर्वात लेखकांनी त्याला थोडं मऊ केलं, त्याचा एकटेपणा दिसू दिला, आणि मालिकेला तिचा सूर सापडला. विनोदी मालिकेला आपली माणसं कळायला वेळ लागतो. तो दिल्यावरही हसू आलं नाही तर खुशाल बंद करा. आपलं न आलेलं हसू ही पुरेशी टीका आहे, त्यासाठी कारणं शोधत बसू नका.

आणि इथूनच तुमच्या भावाकडे जाता येतं.

1971 मध्ये 'ऑल इन द फॅमिली' नावाची विनोदी मालिका आली. तिचा नायक आर्ची बंकर हा पूर्वग्रहांनी भरलेला माणूस. त्याच्या पूर्वग्रहांना हसता हसता लोकांनी ते ओळखावेत हा लिहिणाऱ्यांचा हेतू. नील विडमार आणि मिल्टन रोकिच या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांना आणि कॅनडातल्या प्रौढांना मालिकेबद्दल विचारलं. त्यांचा अभ्यास 1974 मध्ये छापून आला. ज्यांचे स्वतःचे पूर्वग्रह तीव्र होते, त्यांना आर्चीच शहाणा वाटत होता, वादात शेवटी तोच जिंकतो असंही वाटत होतं. तीच मालिका, तीच वाक्यं. बघणारे वेगळे, म्हणून दिसलेली मालिका वेगळी.

तुम्ही आणि भाऊ एकाच रात्री दोन वेगळे शो बघत होतात. तुम्ही मैत्री बघत होतात, तो खेळ. 2000 मध्ये 'सर्व्हायव्हर'चं पहिलं अमेरिकन पर्व आलं तेव्हा एक सबंध देश असाच दुभंगला होता. 16 माणसं, एक बेट, 39 दिवस, आणि एकमेकांनाच मतं देऊन बाहेर काढायचं. रिचर्ड हॅचने सरळसरळ गट बांधला, हिशेबाने एकेकाला घालवलं आणि शेवटी 4 विरुद्ध 3 मतांनी जिंकला. अंतिम भाग 5 कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. काहींना तो कपटी वाटला, काहींना एकटाच खेळ समजलेला. आधी बाहेर गेलेल्या सात सहस्पर्धकांच्याच मतांवर तो जिंकला, आणि त्यातल्या चौघांनी त्याला मत दिलं. याचा विचार करा. दुखावलेल्या माणसांनाही त्याचा खेळ दिसत होता.

भावाचं मत चुकीचं नव्हतं, तुमचंही नव्हतं. नियमच असा असेल की कोणालातरी बाहेर काढावंच लागतं, तर मैत्रिणीने मत देणं हा खेळ. अशा नियमात मैत्री करायला लावणं आणि मग ती तुटताना जवळून दाखवणं, यावर मात्र तुम्हाला राग येऊ शकतो. तो राग मलाही येतो. तो निर्मात्यांवर काढा. त्यावर भाऊसुद्धा तुमच्याशी सहमत होईल अशी मला आशा आहे.

आता ते वाक्य. "तुलाही नाती कामापुरतीच लागतात." हे शोबद्दल नव्हतं. त्याला ते कळलं, म्हणून त्याने फोन ठेवला. 'तुला खेळ कळत नाही' हे त्याचं बोलणं उर्मट होतं, पण ते तुमच्या मताबद्दल होतं. तुमचं वाक्य त्याच्या स्वभावाबद्दल होतं, आणि त्यातला 'ही' मला खुपतो. तुमच्या मनात त्याच्याविषयी काही जुनं साठलेलं आहे का? कधी गरज होती तेव्हा तो आला नाही, काही व्यवहारात तुम्हाला गृहीत धरलं, असं काही? असेल तर ते एका रात्रीत एका अनोळखी मुलीच्या निमित्ताने बाहेर पडलं. नीट आठवून बघा. मला कळवायची गरज नाही.

काही नसेल, फक्त रागाचा शब्द असेल, तर काम सोपं आहे. फोन करा. मेसेज नको, आवाज ऐकू जाऊ द्या. "मी तुझ्याबद्दल जे बोलले ते खरं नाही. मला वाईट वाटतंय." त्या फोनवर शोचा विषय काढू नका, त्याने काढला तरी 'ते नंतर बोलू' म्हणा. नाहीतर माफीचं रूपांतर पुन्हा वादात होईल, आणि तुम्ही दोघंही मतांची माणसं आहात.

जुनं काही असेल, तर आधी हीच माफी मागा आणि ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. भेटून, समोरासमोर, टीव्ही बंद असताना. एकच प्रसंग सांगा, यादी वाचू नका. "तेव्हा तू आला नाहीस, मला एकटं वाटलं." तो काय म्हणतो ते पूर्ण ऐका.

त्याने पहिल्या दिवशी फोन उचलला नाही तर लगेच पुन्हा पुन्हा करू नका. चार दिवस जाऊ द्या आणि पुन्हा करा. महिनाभर तोही फोनकडे बघत असणार. नवा भाग संपल्यावर बोलायला त्याच्याकडेही दुसरं कोणी नसेल.